कार्य, ऊर्जा आणि ऊर्जेचं रूपांतरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमिक शाळेत कार्य आणि ऊर्जा हा धडा शिकताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. सूत्रं पुस्तकात असतातच. इथे भर आहे तो सूत्र कुठे लावायचं आणि कुठे ते चकवतं यावर. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच असतं: 'कार्य झालं' एवढंच म्हटलं जातं, पण कोणत्या बलाने आणि कोणत्या वस्तूवर, हे सांगायचं राहून जातं. आकडेमोड सोपी राहावी म्हणून गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं आहे, जिथे ९.८ घेतलंय तिथे तसं सांगितलंय.

भिंत ढकलून ढकलून घाम फुटला, तरी कार्य शून्य? हे पटत नाही.

पटत नाही ते योग्यच आहे, कारण उत्तर अर्धवट सांगितलं जातं. पूर्ण वाक्य असं: तुम्ही लावलेल्या बलाने भिंतीवर केलेलं कार्य शून्य आहे. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, म्हणजे वस्तू बलाच्या दिशेने किती सरकली ते अंतर. भिंत हलली नाही, विस्थापन शून्य, आणि बल कितीही मोठं असलं तरी शून्याने गुणल्यावर शून्यच उरतं. भिंतीला तुमच्याकडून एक ज्यूलही ऊर्जा मिळाली नाही.

तुमच्या शरीरात काय चाललंय हा मात्र वेगळा प्रश्न. स्नायू ताणून धरलेला असताना त्यातल्या मायोसिन या प्रथिनाची सूक्ष्म टोकं ॲक्टिनच्या तंतूंना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. हे चक्र सतत चालू असतं आणि प्रत्येक फेरीला एटीपी या रेणूतली ऊर्जा खर्च होते. बाहेरून हात स्थिर दिसतो, आत मात्र असंख्य सूक्ष्म हालचाली चालू असतात. अन्नातून आलेली रासायनिक ऊर्जा उष्णतेत बदलते, घाम त्याचाच.

भिंतीला एखादी लाकडी तुळई तिरकी टेकवून ठेवली तर ती तेवढंच बल वर्षभर लावत राहते आणि तिला काहीही खर्च येत नाही. तेव्हा दमणं हे कार्याचं माप धरू नका. दमण्यावरून फक्त शरीराने किती ऊर्जा खर्च केली याचा अंदाज येतो, ती कुठे गेली हे कळत नाही.

डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस कार्य करत नाही, असं उत्तर लिहायचं का?

परीक्षेत हेच अपेक्षित असतं, पण ते नीट लिहा: ओझ्यावर लावलेलं बल वरच्या दिशेने आहे, विस्थापन आडवं आहे, दोन्हींमधला कोन ९० अंश, आणि ९० अंशांचा कोसाइन शून्य असतो. म्हणून त्या वरच्या बलाने ओझ्यावर केलेलं कार्य शून्य. गुरुत्वाकर्षणानेही शून्यच.

खरं चालणं इतकं गुळगुळीत नसतं. प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर जातं, थोडं खाली येतं. निघताना ओझ्याला वेग द्यावा लागतो, थांबताना तो काढून घ्यावा लागतो. या प्रत्येक टप्प्यावर धन किंवा ऋण कार्य होतच असतं, फक्त ओझ्यापुरती बेरीज शेवटी शून्याजवळ येते. 'माणूस कार्य करत नाही' असं सरसकट विधान त्यामुळे मला खटकतं. 'वरच्या दिशेने लावलेलं बल ओझ्यावर कार्य करत नाही' हे निर्दोष आहे.

वर्तुळाकार फिरणाऱ्या वस्तूवर कार्य शून्य का?

अभिकेंद्री बल नेहमी केंद्राकडे असतं आणि त्या क्षणीचं विस्थापन त्याला लंब असतं, म्हणून. वेगाची दिशा बदलते, मूल्य बदलत नाही, गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली ऊर्जा) तेवढीच राहते. पृथ्वीची कक्षा मात्र किंचित लंबवर्तुळाकार आहे. तिथे सूर्याचं गुरुत्वाकर्षण वर्षातला अर्धा काळ धन आणि अर्धा काळ ऋण कार्य करतं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर असतो. जुलैत, सर्वांत दूर असताना, तो सुमारे २९.३ पर्यंत उतरतो.

ऋण कार्य म्हणजे नेमकं काय? ऊर्जा ऋण होते का?

बल आणि विस्थापन एकमेकांविरुद्ध असतील तर कार्य ऋण. अर्थ इतकाच, की ते बल त्या वस्तूकडून ऊर्जा काढून घेतंय. चेंडू वर फेकला की चढताना गुरुत्वाकर्षणाचं कार्य ऋण, उतरताना धन. ब्रेक लावल्यावर घर्षणाचं कार्य ऋण. गतिज ऊर्जा स्वतः कधीच ऋण होत नाही, कारण तिच्यात वेगाचा वर्ग आहे आणि वस्तुमान ऋण नसतं.

पुस्तक सावकाश, एकाच वेगाने वर उचललं. एकूण बल शून्य. मग कार्य कसलं?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

१ किलोचं पुस्तक २ मीटर वर उचललं समजा. हाताचं बल वर १० न्यूटन, गुरुत्वाकर्षणाचं खाली १० न्यूटन. हाताने केलेलं कार्य अधिक २० ज्यूल, गुरुत्वाकर्षणाने केलेलं उणे २० ज्यूल, बेरीज शून्य. एकूण कार्य म्हणजे गतिज ऊर्जेतला बदल, आणि वेग बदललाच नाही; हिशेब जुळला.

मग हाताने दिलेले २० ज्यूल कुठे गेले? ते पुस्तक आणि पृथ्वी या जोडीच्या स्थितिज ऊर्जेत (उंचीमुळे साठलेल्या ऊर्जेत) गेले. गुरुत्वाकर्षणाचं उणे २० ज्यूल कार्य आणि स्थितिज ऊर्जेतली २० ज्यूलची वाढ या दोन वेगळ्या घटना नाहीत. एकाच गोष्टीचं हे दोन तऱ्हांनी केलेलं वर्णन आहे. म्हणून दोन्ही एकाच समीकरणात धरायच्या नसतात. गुरुत्वाकर्षणाचं कार्य मोजलंत तर स्थितिज ऊर्जा लिहू नका. स्थितिज ऊर्जा लिहिलीत तर गुरुत्वाकर्षणाचं कार्य वगळा. उदाहरणांमध्ये उत्तर नेमकं दुप्पट येतं तेव्हा बहुधा हीच चूक असते.

एक ज्यूल म्हणजे साधारण किती?

१ न्यूटन बल लावून वस्तू बलाच्या दिशेने १ मीटर सरकवली की १ ज्यूल कार्य होतं. १०० ग्रॅमची वस्तू १ मीटर उचलायला साधारण एवढंच लागतं. म्हणजे अगदी किरकोळ. ५० किलो वजनाची मुलगी ३ मीटर उंचीचा एक मजला चढते तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा १५०० ज्यूलने वाढते.

हे एकक ज्यांच्या नावाचं, ते जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (१८१८–१८८९) इंग्लंडमधल्या सॅल्फर्डच्या एका मद्यनिर्मात्याचे चिरंजीव. घसरत्या वजनांनी पाण्यात पाती फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं, हा त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग. १८५० मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा आकडा आजच्या मूल्याच्या एक टक्क्याच्या आत आहे, आणि मोजायची तापमानवाढ अंशाच्या काही भागांएवढीच होती. आजचं मूल्य: १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल.

या आकड्यातून एक मजेशीर गोष्ट निघते. उंचावरून पडणाऱ्या पाण्याची सगळी स्थितिज ऊर्जा त्याच पाण्याच्या उष्णतेत गेली, तर १ अंश सेल्सिअसने तापण्यासाठी ते किती उंचावरून पडावं लागेल? ९.८ घेऊन करा: सुमारे ४२७ मीटर. नायगाराची उंची साधारण ५० मीटर, म्हणजे वाढ जेमतेम ०.१२ अंश. धबधब्यात हात घालून हे कळणं शक्य नाही, आणि उष्णता हे ऊर्जेचंच रूप आहे हे उमगायला माणसाला एवढा काळ का लागला, याचं एक कारण तिथे दिसतं.

वेग दुप्पट केला तर गतिज ऊर्जा दुप्पट न होता चौपट का?

सूत्रात (अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग) वेगाचा वर्ग आहे म्हणून, हे उत्तर खरं असलं तरी त्याने समाधान होत नाही. तो वर्ग आला कुठून ते पाहू.

१००० किलोची गाडी थांबलेल्या स्थितीतून निघाली आणि तिच्यावर १००० न्यूटनचं बल सतत लागतंय. त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. पहिल्या १० सेकंदांत वेग शून्यावरून १० मीटर प्रति सेकंद होतो. सरासरी वेग ५, म्हणून अंतर ५० मीटर. पुढच्या १० सेकंदांत वेग १० वरून २० होतो. सरासरी १५, अंतर १५० मीटर. बल तेच, वेळ तीच, वेगातली वाढही तेवढीच. पण गाडी आता आधीच वेगात असल्यामुळे तेवढ्याच वेळात तिप्पट अंतर कापते, आणि कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पहिल्या टप्प्यात ५०,००० ज्यूल, दुसऱ्यात १,५०,००० ज्यूल. एकूण २,००,०००, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या चौपट. सूत्रात घालून पाहा: अर्धा × १००० × २० × २०. तेच उत्तर.

ब्रेक लावताना हेच उलट दिशेने घडतं. ब्रेकमुळे ५००० न्यूटनचं बल लागत असेल तर ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी १० मीटरवर थांबते आणि ताशी ७२ ने जाणारी ४० मीटरवर. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापलेलं अंतर यात धरलेलंच नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही सहज पटली नव्हती. गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात मोठा वाद चालला. हॉलंडच्या विलेम ग्रॅव्हसांद यांनी पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले; दुप्पट वेगाने आदळणाऱ्या गोळ्याचा खळगा चौपट निघाला. फ्रान्समधल्या एमिली द्यु शातले यांनी १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या प्रयोगांच्या आधारे वर्गाची बाजू ठामपणे मांडली. सूत्रातला 'अर्धा' मात्र बराच नंतरचा. तो १८२९ मध्ये कोरिऑलिस यांच्या लेखनात येतो. वाद करणारे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते, कारण त्यांतलं एक माप संवेग आणि दुसरं ऊर्जा. बल किती वेळ लागलं यावरून संवेग ठरतो, किती अंतरभर लागलं यावरून ऊर्जा.

गतिज ऊर्जा पाहणाऱ्यानुसार बदलते का?

हो. धावत्या रेल्वेत बाकावर ठेवलेल्या पिशवीची गतिज ऊर्जा डब्यातल्या प्रवाशाच्या दृष्टीने शून्य, फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने बरीच. दोघंही बरोबर. मात्र एका उदाहरणात एकच निरीक्षक धरून शेवटपर्यंत तोच ठेवायचा.

स्थितिज ऊर्जा वस्तूत नेमकी कुठे असते? आणि शून्य उंची कुठून मोजायची?

ती एकट्या वस्तूत नसतेच. दगड आणि पृथ्वी यांच्या जोडीची ती ऊर्जा आहे, दोघांमधल्या आकर्षणामुळे आणि अंतरामुळे असलेली. 'दगडाची स्थितिज ऊर्जा' हे बोलण्यातलं सोयीचं रूप आहे. चालवून घ्या, पण लक्षात ठेवा. ताणलेल्या स्प्रिंगची गोष्ट निराळी, तिथे ऊर्जा स्प्रिंगच्याच अणूंच्या बदललेल्या मांडणीत असते.

शून्य उंची तुम्ही म्हणाल तिथे. जमीन, टेबल, गच्ची, काहीही चालतं, कारण प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो फक्त फरक. टेबलाची पातळी शून्य धरली तर जमिनीवरच्या चेंडूची स्थितिज ऊर्जा ऋण येईल, त्यात बिघडत काहीच नाही. आणखी एक मर्यादा: वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची हे सूत्र पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळच चालतं. उपग्रहासाठी ते वापरू नका, कारण तिथे गुरुत्व त्वरण कमी झालेलं असतं.

मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूची एकूण ऊर्जा कायम राहते, हे आकड्यांत दाखवता येईल का?

२ किलोचा गोळा, २० मीटर उंची. सुटताना स्थितिज ऊर्जा ४०० ज्यूल, गतिज शून्य. १ सेकंदानंतर तो ५ मीटर खाली आलाय आणि वेग १० मीटर प्रति सेकंद आहे: स्थितिज ३००, गतिज १००. २ सेकंदांनी जमिनीला टेकण्याच्या क्षणी वेग २०: स्थितिज शून्य, गतिज ४००. बेरीज प्रत्येक वेळी ४००.

अर्धा वेळ गेला तेव्हा पाव ऊर्जाच बदलली होती, याकडे लक्ष द्या. दोन्ही ऊर्जा समान होतात ते अर्ध्या वेळेला नाही, अर्ध्या उंचीवर, म्हणजे १० मीटरवर. तिथे वेग साधारण १४.१ असतो. बहुपर्यायी प्रश्नांत हा सापळा नेहमी असतो.

आणि आदळल्यावर? पुस्तकातली सिद्धता जमिनीला टेकण्याआधीच संपते, त्यामुळे हा प्रश्न मनात राहून जातो. ते ४०० ज्यूल माती दाबण्यात, आवाजात आणि मुख्यतः गोळ्याच्या व जमिनीच्या उष्णतेत जातात. यांत्रिक ऊर्जा संपली; एकूण ऊर्जा तेवढीच आहे. 'यांत्रिक ऊर्जा अक्षय्य' आणि 'ऊर्जा अक्षय्य' ही दोन वेगळी विधानं आहेत: पहिल्याला घर्षण आणि हवेचा रोध नसण्याची अट लागते, दुसरं कुठल्याही बंदिस्त व्यवस्थेला लागू आहे.

चालताना जमीन आपल्याला पुढे ढकलते. मग ऊर्जा जमिनीकडून मिळते का?

नाही. पाय मागे रेटतो, जमीन घर्षणाने पुढे ढकलते, इथवर न्यूटनचा तिसरा नियम. पण पाऊल टेकलेलं असताना तळवा जमिनीवर सरकत नाही. ज्या बिंदूवर घर्षण लागतंय तो बिंदूच हलत नसेल, तर त्या बलाने कार्य केलं नाही. पुढे जाण्याची ऊर्जा तुमच्या स्नायूंमधून येते. जमीन बल देते, ऊर्जा देत नाही. गाडीच्या न घसरणाऱ्या चाकाचंही तसंच: रस्ता ढकलतो, ऊर्जा इंधनाची. बल देणारा आणि ऊर्जा देणारा एकच असला पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

ऊर्जा नष्ट होत नाही, मग 'ऊर्जा वाचवा' असं का सांगतात?

या धड्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर अक्षय्यतेच्या नियमात नाही.

१ लिटर उकळतं पाणी, १०० अंशांचं, २० अंशांच्या ९ लिटर पाण्यात ओता. सगळं मिळून २८ अंशांचं कोमट पाणी होईल. भांड्याकडे किंवा हवेत गेलेली उष्णता सोडली तर ऊर्जा तेवढीच आहे, एक ज्यूलही नाहीसा झाला नाही. पण उकळत्या पाण्याने जे करता आलं असतं ते या कोमट पाण्याने करता येणार नाही, आणि ते आपणहून पुन्हा १ लिटर उकळतं आणि ९ लिटर थंड असं वेगळंही होणार नाही. ऊर्जा टिकली, तिचा उपयोग करून घेण्याची संधी गेली.

उसळणाऱ्या चेंडूतही हेच. प्रत्येक उसळीला उंची कमी होते, कारण सगळे रेणू मिळून एका दिशेने चाललेली गती हळूहळू रेणूंच्या वाट्टेल त्या दिशांच्या थरथरण्यात वाटली जाते. सुसूत्र गतीचं विस्कळीत गतीत रूपांतर सहज होतं. उलटं होण्यावर निसर्गाची मर्यादा आहे. ही मर्यादा १८२४ मध्ये सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने ओळखली: उष्णतेवर चालणारं यंत्र कितीही उत्तम असलं तरी त्याची कार्यक्षमता त्याच्या उष्ण आणि थंड बाजूंच्या तापमानांनी बांधलेली असते. उष्ण बाजू ८०० केल्विन आणि थंड बाजू ३०० केल्विन असेल, तर जास्तीत जास्त १ वजा ३००/८००, म्हणजे ६२.५ टक्के. प्रत्यक्ष यंत्रं याच्याही खाली राहतात.

तेव्हा 'ऊर्जा वाचवा' याचा नेमका अर्थ आहे, कोळसा, इंधन, वीज अशा एकवटलेल्या रूपातली ऊर्जा कमी खर्च करा. समुद्राच्या पाण्यात प्रचंड उष्णता आहे, पण तिच्याहून थंड असं काही हाताशी नसेल तर तिचा उपयोग शून्य.

औष्णिक विद्युत केंद्रात ऊर्जेची रूपं कशी बदलतात? आणि इतकी वाया का जाते?

कोळशातली रासायनिक ऊर्जा, जळताना उष्णता, मग वाफेची ऊर्जा, टर्बाइनची गतिज ऊर्जा, शेवटी जनित्रातून विद्युत ऊर्जा. अणुकेंद्रात फक्त पहिली पायरी बदलते. कोळशाऐवजी अणुकेंद्रकांचं विखंडन, पुढे तीच वाफ आणि तेच टर्बाइन. जलविद्युत केंद्रात उष्णतेची पायरीच नाही, स्थितिज ऊर्जा सरळ गतिज होते. सौर घटात तर फिरणारं काहीच नाही, प्रकाशातून थेट वीज.

मोठं नुकसान होतं ते फक्त उष्णतेतून कार्य काढण्याच्या पायरीवर, वर सांगितलेल्या मर्यादेमुळे. कोळशाचं केंद्र साधारण एक-तृतीयांश ते ४० टक्के ऊर्जाच विजेत बदलतं. जलविद्युत टर्बाइन ९० टक्क्यांच्या आसपास जातं. जुना तारेचा दिवा तर सुमारे ५ टक्केच ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशात देतो. हिवाळ्यात खोली तापवायची असेल तर तो वाईट हीटर नाही, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का?

उलट तापेल. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या नळ्यांमधून त्याच खोलीत सोडतो, आणि कॉम्प्रेसरने घेतलेली वीजही शेवटी उष्णता होऊन तिथेच येते. पंख्याचंही तसंच. बंद खोलीत चालणारा पंखा हवा किंचित तापवतोच. गार वाटतं ते घामाचं बाष्पीभवन वाढल्यामुळे.

रासायनिक ऊर्जा बंधांत साठलेली असते आणि बंध तुटले की बाहेर पडते, हे बरोबर ना?

वाक्य सगळीकडे आढळतं, पण त्याचा दुसरा भाग चूक आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते. नवे बंध जुळताना ती बाहेर पडते. हायड्रोजन जळून पाणी होतं ते पाहा. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) यांचे बंध तोडायला सुमारे १३७० किलोज्यूल लागतात. दोन मोल पाण्याचे चार मोल बंध तयार होताना सुमारे १८५० किलोज्यूल सुटतात. फरक साधारण ४८० किलोज्यूलचा, तीच ज्वालेची उष्णता. इंधन पेटवायला आधी ठिणगी का लागते, याचं उत्तरही यातच आहे.

किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांत फरक काय?

किलोवॅट हा ऊर्जा वापरण्याचा दर, किलोवॅट-तास ही ऊर्जा. मीटरवरचं एक युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजे १००० वॅट × ३६०० सेकंद, ३६ लाख ज्यूल. १० वॅटचा दिवा १०० तास चालवा किंवा १५०० वॅटचा हीटर ४० मिनिटं, दोन्हीकडे एकच युनिट.

युनिट किती मोठं आहे याची कल्पना सहसा नसते. ५० किलोच्या माणसाला सरळ वर उचलायला ही ऊर्जा वापरली तर तो ७२०० मीटर उंचीवर पोचेल. दुसरीकडे, माणूस दिवसभरात २००० किलोकॅलरी अन्न घेतो असं धरलं तर ते होतात सुमारे ८४ लाख ज्यूल, म्हणजे २४ तासांवर वाटल्यास साधारण ९७ वॅट. आणि अश्वशक्ती हे जुनं एकक म्हणजे ७४६ वॅट.

शेवटी सगळी ऊर्जा सूर्याचीच का?

बरीचशी. कोळसा, तेल, वारा, पाऊस, अन्न यांचा माग सूर्यापर्यंत जातो. सूर्य प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान गमावतो. पण अपवाद आहेत. युरेनियम सूर्यापेक्षाही जुन्या ताऱ्यांच्या इतिहासातून आलं. भूगर्भातली उष्णता काही पृथ्वी घडतानाची, काही किरणोत्सारी मूलद्रव्यांची. भरती-ओहोटीची ऊर्जा तर पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातून येते; त्यामुळे पृथ्वीचं फिरणं अतिशय हळूहळू मंदावतंय आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जातोय.

इंधनाशिवाय कायम फिरणारं चाक दाखवणारे व्हिडिओ खोटे असतात का?

ऊर्जा फुकट मिळते असा दावा असेल तर हो. कुठे तरी लपवलेली बॅटरी, हवेचा झोत किंवा नुसतं संकलन असतं. अशा यंत्रांचे आराखडे तपासणं पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच बंद केलं. अक्षय्यतेचा नियम स्पष्ट रूपात मांडला गेला तो त्यानंतर कित्येक दशकांनी, १८४० च्या दशकात, मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून. म्हणजे नियम हाती नसतानाही निव्वळ अनुभवाने लोक कंटाळले होते! चाक नुसतं बराच वेळ फिरत राहणं मात्र अशक्य नाही. घर्षण कमी असेल तर ते तासन् तास फिरेल. त्यातून काम काढायला गेलात की थांबेल.

उदाहरणं सोडवताना नेहमी कुठे चुकतं?

ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करताना. ५/१८ ने गुणायचं असतं, आणि घाईत लोक १८/५ ने गुणतात. ग्रॅमचे किलोग्रॅम न केल्याने. वेगाचा वर्ग करायचं विसरल्याने, किंवा वेगातल्या फरकाचा वर्ग केल्याने; हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण उत्तर वरवर ठीक दिसतं. वेग १० वरून २० झाला तर ऊर्जेतली वाढ ४०० वजा १०० च्या प्रमाणात असते, १० च्या वर्गाच्या नाही.

कोन दिला असेल तर तो बल आणि विस्थापन यांच्यामधलाच आहे ना, ते पाहा. उतारावरच्या उदाहरणात उताराचा कोन दिलेला असतो आणि वजन उभ्या दिशेने लागत असतं. तिथे कोसाइन की साइन यात डोकं घालण्याआधी वस्तू उभ्या दिशेने किती खाली आली ते काढा. गुरुत्वाकर्षणाचं कार्य फक्त त्या उंचीवर ठरतं, उतार लांब असो, आखूड असो की वळणावळणाचा. घर्षणाला मात्र वाटेची लांबी लागते.